वहिनींची पेन्सिल

श्रोतेहो, नमस्कार. आज रॅपबद्दल बोलायचं आहे. लगेच स्टेशन बदलू नका. मीही साठी ओलांडलेला, सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत पाय आखडून घेतलेला माणूस आहे. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या वहिनींबरोबर रॅपच्या कार्यक्रमाला जाऊन आलो, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय. आज तुम्ही सापडलात.

आधी थोडी माहिती. रॅप ज्याचा भाग आहे, त्या हिपहॉपची सुरुवात मानतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधली. सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. तिथल्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. पैसे जमवायला तिनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यात नुसता ताल वाजतो तो तुकडा आला की लोक जोरात नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून तो तो तुकडा लांबवायचा. त्या लांबवलेल्या तालावर माइक घेऊन बोलणं सुरू झालं, त्यातून रॅप आला. म्हणजे बहिणीच्या शाळेच्या कपड्यांपायी हे सगळं. लक्षात ठेवा, शाळेच्या कपड्यांपायी.

हिशेब साधा आहे. चार मात्रांचा एक बार, आणि एका कडव्याला बहुधा सोळा बार. मध्यम लयीत हे कडवं पाऊण मिनिटाच्या आत संपतं, आणि तेवढ्यात सांगायचं ते सांगायचं, यमक जुळवायचं, वर श्वासही घ्यायचा. आपल्या पुण्यातही ही मंडळी कमी नाहीत. ताडीवाला रोडचा एम. सी. स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, हे तुमच्या नातवंडांना विचारा. वहिनींचा लाडका मात्र वऱ्हाडातला. त्याचं नाव घेत नाही, रेडिओवरून जाहिरात नको. स्टॅनचं घेतलं, कारण त्याला माझ्या जाहिरातीची गरज नाही.

आता वहिनी. माहेर परतवाड्याचं. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि सरकारी कचेरीत लघुलेखिका म्हणून निवृत्त झाल्या. मराठी लघुलेखनाची मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा पास. साहेबांची पत्रं घेता घेता कचेरीत त्यांची बोली पार इस्त्री होऊन गेली. मले, तुले, काहून हे सगळं उरलं ते भावाशी फोनवर बोलण्यापुरतं. आणि एक दिवस भाच्यानं मोबाइलवर या मुलाचं गाणं पाठवलं. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. घराच्या गच्चीवर उभं राहून तो धडाधड बोलत होता, आणि बोलत होता वहिनींच्या आईसारखं. भाऊजी, त्या मला म्हणाल्या, पहिल्यांदा मी अर्थ ऐकलाच नाही, नुसती हेल ऐकत बसले. तेव्हापासून त्याचं प्रत्येक गाणं त्या लघुलिपीत उतरवून घेतात. वेग टिकून राहतो, असं वरवरचं कारण देतात.

अखेर तो पुण्यात आला. नगर रस्त्याच्या बाजूला एका मैदानात कार्यक्रम होता. वहिनींचा मुलगा परदेशी, माझे दादा आता नाहीत, म्हणून सोबत मी. फाटकावर झडती. पाण्याची बाटली गेली, चिवड्याचा डबा गेला. चिवड्यानं कुणाला काय इजा होते, हे मला आजवर कळलेलं नाही. आत पाण्याची बाटली दामदुप्पट किमतीला, ते मात्र चालतं! मग झडती घेणाऱ्या पोरानं वहिनींच्या पर्समधल्या पेन्सिली बाहेर काढल्या. म्हणाला, काकू, टोकदार वस्तू नेता येत नाही. वहिनींनी एक अक्षर न बोलता त्याच्यासमोर तिन्ही पेन्सिलींची टोकं टेबलावर दाबून मोडली. आता, म्हणाल्या, आता टोक कुठंय? त्यानं सोडलं. आत गेल्यावर पर्सच्या तळातून शार्पनर निघालं.

वेळ सातची दिली होती. आधी एक डीजे, मग दुसरा डीजे, मग कुणी तरी येऊन पुणे, आवाज येत नाहीये, असं पाच-पन्नास वेळा ओरडून गेला. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम सगळ्यांना ठाऊक. त्यापायी सवाईच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली गेल्या. तरी ही मंडळी मुख्य कलाकाराला आणतात नऊ वाजता. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले, त्याच्या वाट्याला जेमतेम तास.

तो आला. एकटाच, अंगात साधा शर्ट. आणि एक सांगतो, त्यानं माइक नीट धरला होता. हल्लीची पोरं माइकची जाळी मुठीत आवळून धरतात. मोठं मर्दानी वाटतं त्यांना, पण आवाज कोंडतो, शिट्टी मारतो, शब्द गिळले जातात. माइक दांड्याला धरायचा. आयुष्यभर माइकपुढे बसलो, म्हणून सांगतो, माइक दांड्याला धरायचा.

वहिनी वहीवर वाकल्या. भोवती सगळी पोरं उड्या मारतायत आणि मध्ये ही बाई, चष्मा नाकावर, जाड-बारीक रेघा ओढतेय. गाण्यामागून गाणी झाली. मधेच त्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "हा पोट्टा श्वास कुठी घेते ते आज समजलं!" स्टुडिओत ओळी तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून जोडता येतात, तिथं श्वास पुसला जातो. इथं तो ओळीचा शेवटचा शब्द पोरांवर सोपवायचा, पोरं तो गरजायची, आणि तेवढ्यात हा छाती भरून घ्यायचा. इतकी वर्षं ऐकून जे कळलं नव्हतं, ते वहिनींना तिथं दिसलं.

दहाला काही मिनिटं असताना त्यानं संगीत जवळजवळ बंद करायला लावलं, खाली नुसता जाड ठेका ठेवला, आणि कुठंच न आलेल्या सोळा ओळी म्हटल्या. बडनेरा स्टेशन, पुण्याला येणारी गाडी, मेसमधलं पातळ वरण, असं सगळं त्यात होतं. पोरं वेडी झाली. शेकडो मोबाइल वर. वहिनींची पेन्सिल खाली.

कार्यक्रम संपला. बाहेर भुर्जीच्या गाडीपाशी हीच पोरं जमली होती, मोबाइल कानाला लावून. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये काय होतं? धडधड. नुसती धडधड. श्रोतेहो, मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यापुरता असतो. भल्यामोठ्या स्पीकरसमोर तो फाटतो, आणि ठेक्याखाली शब्द गडप होतात. तिसरी ओळ काय होती यावर दोघांची जुंपली. वहिनी ऐकत होत्या. मग पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "काहून भांडता बे? मी वाचून दाखवते ना."

एक पोरगा दचकला. "काकू, तुमी कुठल्या?"

"परतवाड्याची."

"आईशप्पथ! मी दर्यापूरचा!"

भुर्जीवाल्याच्या दिव्याखाली वहिनींनी वही धरली आणि वाचायला लागल्या. साहेबाला पत्र वाचून दाखवावं तशा आधी सपाट आवाजात, पण चौथ्या ओळीपासून हेल लागला. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. भुर्जीवाल्यानं उलथनं तव्यावर आपटायला सुरुवात केली. पुण्यात एवढी वर्षं काढून वहिनींच्या तोंडून भर रस्त्यात मी पहिल्यांदाच वऱ्हाडी ऐकत होतो, तीही तालात.

अकराव्या ओळीवर त्या थांबल्या. लघुलिपीत व्यंजनांच्या रेघा आधी येतात, आणि घाईत स्वरांच्या खुणा राहून जातात. तिथं ग आणि ल एवढंच होतं. दर्यापूरचा म्हणाला गल्ली, दुसरा म्हणाला गेला, तिसरा छातीठोकपणे म्हणाला गोल. वहिनींनी तिघांकडून ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, मात्रा बोटांवर मोजल्या, आणि गोल बाद केलं. उरलेल्या दोघांत निकाल लागेना. रिक्षावाला मीटरनं यायला तयार नव्हता, तो एक वेगळाच विषय, त्यावर पुन्हा कधी तरी बोलेन. आम्ही निघालो तेव्हा दर्यापूरच्या पोरानं वहिनींचा नंबर घेतला होता. आता तो दर रविवारी फोन करतो आणि अजून गल्लीवरच ठाम आहे. नमस्कार.