यकृतातले सांगावे

नमस्कार श्रोतेहो.

पोटाची सोनोग्राफी करून आलेल्या माणसाच्या कागदावर हल्ली एक ओळ हमखास दिसते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. त्यावर घरातलं बोलणंही ठरलेलं. ‘काही नाही हो, सगळ्यांनाच असतं. तूप जरा कमी करा.’ आणि कागद फायलीत जातो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. यकृताच्या बायॉप्सी तपासणं हे माझं रोजचं काम. सुईने काढलेला तो तुकडा शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब. मायक्रोस्कोपखाली गुलाबी पेशी दिसतात आणि त्यांच्यात पांढरी, वाटोळी भोकं. स्लाइड तयार करताना चरबी रसायनांत विरघळून जाते, तिची रिकामी जागा तेवढी उरते. या भोकांनी मी लगेच घाबरत नाही. अनेकांची यकृतं वर्षानुवर्षं तेवढ्यावरच थांबलेली असतात. माझी नजर दुसरंच काही शोधते. फुगून टम्म झालेल्या, फिकट पडलेल्या पेशी, आणि त्यांच्याभोवती जमलेला गर्द जांभळ्या ठिपक्यांचा घोळका. तो घोळका म्हणजे दाह.

हेच चित्र १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जर्गन लुडविग यांनी २० रुग्णांमध्ये नोंदवलं. यकृत दारू पिणाऱ्याचं वाटावं असं, पण या माणसांच्या आजारामागे दारू नव्हती. त्यांनी या आजाराला ‘नॅश’ म्हटलं. २०२३ मध्ये नाव बदलून ‘मॅश’ झालं. नुसती चरबी साठलेलं यकृत आणि दाह सुरू झालेलं यकृत, यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, ते मला आज सांगायचं आहे. घडतं ते असं, की पेशी एकमेकींना सांगावे धाडू लागतात. हे सांगावे म्हणजे प्रथिनं असतात.

आधी तुपाचं बघू. यकृतातली चरबी येते कुठून, हे मिनेसोटामधल्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांवर मोजून पाहिलं आणि २००५ साली प्रसिद्ध केलं. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या मेदातून सुटून रक्तावाटे आलेली होती. २६ टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः साखर आणि पिठूळ अन्नापासून बनवलेली होती. थेट जेवणातल्या स्निग्धांशातून आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे तूप तोडून चहात मात्र दोन चमचे साखर चालू ठेवली, तर हिशेब चुकीच्या जागी मांडला.

सुटी मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, पेशीला झेपेनाशी झाली की पेशी आतून होरपळते आणि धोक्याच्या खुणा बाहेर टाकते. यकृतात कुप्फर पेशी नावाच्या राखणदार पेशी कायम वस्तीला असतात. त्यांना या खुणा कळतात. शिवाय यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आतड्याकडून येतं. आतड्याचं अस्तर सैल झालं तर जिवाणूंच्या कवचाचे तुकडेही त्या रक्तातून येतात. दोन्हीकडून डिवचलेली कुप्फर पेशी मग बोंब ठोकते. ती बोंब म्हणजे टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन वन बीटा, इंटरल्युकिन सिक्स ही प्रथिनं.

टीएनएफ शेजारच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे सांगावा झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि त्या पेशीच्या आत एनएफ कप्पा बी नावाचं दुसरं प्रथिन मोकळं होतं. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. सुटल्यावर ते केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. त्यातून आणखी टीएनएफ तयार होतं. एनएफ कप्पा बी १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. सीसीएल टू नावाचं आणखी एक प्रथिन रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. माझ्या स्लाइडवर दिसतो तो घोळका या बोलावण्यावरून आलेला असतो.

गावात आग लागली की बोंब ठोकायलाच हवी. जंतू शिरला असता तर हीच प्रथिनं आपला जीव वाचवतात. इथे मात्र आग विझतच नाही, कारण चरबी येतच राहते, आणि बोंब थांबत नाही. वर टीएनएफमुळे पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, त्यामुळे मेदातून आणखी चरबी सुटते. १९९३ साली हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदातच टीएनएफ तयार होत असल्याचं दाखवलं. पोटावरची चरबी नुसती साठून बसलेली नसते, तीही सांगावे धाडत असते.

सगळ्यात महाग पडणारा सांगावा टीजीएफ बीटाचा. यकृतात ताऱ्यासारख्या आकाराच्या पेशी असतात, एरवी अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळणाऱ्या. हा सांगावा पोहोचला की त्या साठा टाकून देतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. खास रंग देऊन मी ती स्लाइड बघते तेव्हा एकेका पेशीभोवती निळी जाळी दिसते, अगदी खुराड्याला लावतात तशी. आमच्या कामात तिला ‘चिकन वायर’च म्हणतात. पुढे जाळी दाट होत गेली की सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं.

मग हे सांगावेच अडवले तर? प्रयत्न झाले. सीसीएल टूचा रिसेप्टर अडवणारं सेनिक्रिव्हिरॉक तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत निष्प्रभ ठरलं. पेशीच्या आतली निरोपाची साखळी तोडणारं सेलॉन्सर्टिब २०१९ मध्ये तसंच पडलं. मला वाटतं, एक वाट बंद केली तरी बोंब दुसऱ्या वाटेने जाते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध रेस्मेटिरोम सांगाव्याला हात लावत नाही, यकृताला चरबी जाळायला लावतं.

औषधाविना काय होतं, त्याचेही आकडे आहेत. क्युबात २९३ रुग्णांनी वर्षभर आहार-व्यायाम सांभाळला. ज्यांचं वजन १० टक्के किंवा अधिक उतरलं, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांच्या दुसऱ्या बायॉप्सीत हा आजार मावळलेला होता, आणि ४५ टक्क्यांच्यात जाळीही विरळ झाली होती. जाळी विरळ होऊ शकते, हे मी विद्यार्थ्यांना फार आनंदाने सांगते.

आणि व्यायामाचं एक नवल ऐका. चालताना, पळताना स्नायूही इंटरल्युकिन सिक्स सोडतात. तेच प्रथिन! पण ते झपाट्याने वाढतं, व्यायाम थांबला की उतरतं, आणि त्यापाठोपाठ दाह शमवणारी प्रथिनं रक्तात वाढतात. कोपनहेगनच्या बेन्टे पेडरसन यांनी हे दाखवलं. सांगावा एकच, पण तो कुणी धाडला आणि किती वेळ वाजत राहिला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

‘मी तर बारीक आहे’ असं म्हणणाऱ्या श्रोत्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही.

तेव्हा फायलीतला तो कागद पुन्हा काढा. वय, रक्ततपासणीत मोजली जाणारी एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स, आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून ‘फिब-फोर’ नावाचा निर्देशांक निघतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्या. नुसतं एसजीपीटी नॉर्मल आहे यावर विसंबू नका, जाळी विणली जात असतानाही ते नॉर्मल असू शकतं. फिब-फोर १.३ च्या खाली असेल तर जाळी पुढे गेलेली असण्याची शक्यता कमी. पासष्टीपुढे हीच सीमा २ धरतात. त्याहून वर असेल तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल विचारा. हे चारही आकडे अनेकांच्या फायलीत आधीपासूनच पडून असतात, फक्त एकत्र मांडलेले नसतात.

नमस्कार.