सरही वाकतात

(दृश्य : गावातलं समाजमंदिर, संध्याकाळ. दारात मुलं.)

अमरावती जिल्ह्यातल्या एका गावाचं हे समाजमंदिर. दिवसा याच्या ओट्यावर तूर वाळते, संध्याकाळी आत कराटेचा क्लास भरतो. पोरं दारात थांबतात, चपला ओळीत लावतात, टाचा जुळवून कमरेतून वाकतात आणि मगच आत येतात. आत अजून कोणी आलेलं नसलं, तरीसुद्धा.

हे वाकणं म्हणजे ‘रेई’. जपानच्या ओकिनावा बेटावर १८६८ साली जन्मलेले गिचिन फुनाकोशी पेशानं शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे ही विद्या जपानभर रुजवली. शिष्यांना त्यांनी वीस सूत्रं दिली. त्यातलं पहिलंच असं, की कराटेची सुरुवात रेईनं होते आणि शेवटही रेईनंच.

(दृश्य : मुलं गुडघ्यांवर बसतात.)

आधी डावा गुडघा टेकायचा, मग उजवा. पाठ ताठ, डोळे मिटलेले. मग तीनदा वाकायचं. ‘शोमेन नी रेई’, समोरच्या भिंतीकडे. इथं तिच्यावर देव नाही, ज्यांनी विद्या दिली त्यांचा फोटो आहे. ‘सेन्सेई नी रेई’, शिकवणाऱ्याला. या वेळी सरांकडे बघा. तेही वाकतात, पोरांबरोबरच.

तिसरं ‘ओतागाई नी रेई’, एकमेकांना.

पाया पडण्याची आपली रीत मला प्रिय आहे. पण तिची दिशा ठरलेली असते. लहान्यानं वाकायचं, मोठ्यानं आशीर्वाद द्यायचा. गावात कोणी कुणापुढे वाकायचं हे वय ठरवतं, शेतीचे एकर ठरवतात, आणि जातही ठरवत आली आहे. इथं मात्र दहावीतला, तपकिरी बेल्टचा, वाड्यावरचा पोरगा कापूस वेचणाऱ्या बाईच्या सातवीतल्या पोरीपुढे वाकतो. तीही वाकते, तेवढीच. या तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

घाईघाईत नुसती मान हलवून मोकळे होणारेही असतात. सर रागावत नाहीत. ‘मान नोको हालवू रे, कमरेतून वाक,’ म्हणतात आणि पुन्हा करायला लावतात.

आखाडे पाहिलेल्या विदर्भाला हे परकं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ ची. त्यांच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवले होते. आखाड्यात उतरणारा पहिलवानही आधी माती कपाळाला लावतो, सलामी देतो, मगच कुस्तीला भिडतो.

(दृश्य : कुमितेचा, म्हणजे जोडीनं लढण्याचा सराव. तोच पोरगा, तीच पोरगी.)

कुमितेत ठोसा तोंडाच्या दिशेनं जोरात सुटतो आणि अंगाला लागण्याआधी थांबवायचा असतो. थांबवता आला नाही, तर समोरच्याचं नाक फुटतं. म्हणून सुरू करण्याआधी दोघं वाकतात. मी जोर लावीन, पण तुला इजा होऊ देणार नाही, असा तो करार आहे. एकमेकांवर असा भरवसा नसेल, तर पूर्ण वेगानं ठोसा मारण्याचा सराव कुणी करूच शकणार नाही.

पोराचा हात पोरीच्या गालाला घासतो. सर ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणतात. पोरगा मागे सरकतो, वाकतो. पोरगी गाल चोळते, वाकते, पुन्हा पवित्रा घेते.

‘हाजिमे!’ म्हणजे, सुरू करा!

या खेपेला पहिला ठोसा तिचा.