नर घेताना चार केस उपटून घ्या

नमस्कार मंडळी. डुकराचं नाव काढलं की नाक मुरडणारे श्रोते असतात, मला माहीत आहे. त्यांनीही लगेच रेडिओ बंद करू नये, कारण आजची गोष्ट माणसांच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत जाणार आहे. वराहपालकांना मात्र मी सरळ सांगायला बसलोय, की पैदाशीचा नर विकत घेताना काय विचारायचं.

गाडी भरायची वेळ डोळ्यांपुढे आणा. फळी लावलीय, मागून दोघं हाकतायत, आणि कळपातलं सगळ्यात भरदार, गच्च मांड्यांचं जनावर फळीच्या मध्यावर थबकतं. आधी शेपटी थरथरते. मग तोंड उघडून धाप लागते. पांढऱ्या कातडीवर लाल-निळसर चट्टे उठतात, पाय काठीसारखे ताठ होतात, अंग तापत जातं आणि बघता बघता जनावर आडवं होतं. मेल्यावर पाचेक मिनिटांतच ते लाकडासारखं कडक होतं. ही त्या आजाराची खूण. शास्त्रात याला पोर्साइन स्ट्रेस सिंड्रोम म्हणतात, आपण ताणाचा आजार म्हणू.

इथेच एक सांगून ठेवतो. मे महिन्यात भर दुपारी भरलेल्या गाडीत डुक्कर मेलं, तर बहुतेक वेळा तो साधा उष्माघात असतो. डुकराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. तिथे रक्ताला दोष देऊ नका, गाडी पहाटे भरा.

खऱ्या ताणाच्या आजारात बिघाड असतो स्नायूत. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम साठवणारी कोठारं असतात. दार उघडलं, कॅल्शियम बाहेर आलं की स्नायू आखडतो. ते आत परत ओढलं गेलं की सैल पडतो. काही डुकरांमध्ये हे दार जन्मतःच सदोष असतं. जरा दचकलं, पळवलं, दुसऱ्या कळपातल्या डुकराशी झुंज झाली, की दार सताड उघडतं आणि लवकर मिटतच नाही. सगळे स्नायू एकदम आखडतात, साखर जळते, आम्ल साचतं, उष्णता वाढत जाते.

जनावर वाचून कत्तलखान्यापर्यंत पोहोचलं तरी नुकसान टळत नाही. मांस गरम असतानाच त्यात आम्ल वाढतं, आणि ते फिकट, लिबलिबीत होतं, पाणी सोडतं. ट्रेमध्ये ठेवलेल्या तुकड्याखाली गुलाबी पाण्याचं थारोळं दिसतं. असं मांस गिऱ्हाईक परत करतं.

हा दोष पसरवला माणसानेच. गेल्या शतकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेतल्या बाजाराला चरबी नकोशी झाली, लाल मांस हवं झालं. पैदासकार दर पिढीत भरलेल्या मांड्यांचे नर निवडत गेले. नेमकं त्या बिघडलेल्या दाराचं जनुक मांस थोडं जास्त आणि चरबी कमी देतं. बेल्जियमच्या पिएत्रें गावातली काळ्या ठिपक्यांची डुकरं याचं टोकाचं उदाहरण. बघताना पैलवान, आणि एके काळी त्यातल्या बहुतेकांच्या रक्तात हा दोष असायचा.

मग तपासणी सुरू झाली. 1974 साली नेदरलँड्समध्ये एक युक्ती निघाली. दोनेक महिन्यांच्या पिल्लाच्या नाकातोंडावर मुखवटा धरायचा आणि हॅलोथेन हा भुलीचा वायू द्यायचा. निरोगी पिल्लू काही मिनिटांत सैल पडून झोपतं. दोषी पिल्लाचे मागचे पाय ताठ होऊ लागतात. ते दिसताच मुखवटा काढायचा, नाहीतर पिल्लू जातं.

पद्धत नामी, पण अर्धीच. हा आजार होतो दोन्हीकडून, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, सदोष जनुक आलं तर. एकाकडूनच आलं तर जनावर वाहक असतं: हॅलोथेन देऊनही मजेत झोपतं आणि परीक्षा पास होतं. दोन वाहकांची बारा पिल्लं झाली तर सरासरी तीन आजारी, सहा वाहक, तीन निर्दोष. वायूने तीन पकडली, उरली नऊ. त्यातली सहा वाहक! आणि तीच आपण ‘तपासलेली’ म्हणून पैदाशीला ठेवायची.

ही कोंडी 1991 मध्ये फुटली. कॅनडात टोरांटोच्या डेव्हिड मॅक्लेनन यांच्या गटाने जनुकातली नेमकी चूक शोधली. डीएनएतलं 1843 क्रमांकाचं एक अक्षर बदललेलं, बस. पाच जातींमध्ये हीच चूक सापडली आणि ती मुळात एकाच पूर्वजाकडून आलेली असावी असं दिसलं. त्या पाचांत लँडरेस, यॉर्कशायर आणि ड्युरॉक आहेत. ही नावं तुमच्या ओळखीची आहेत, आपल्याकडच्या फार्मवर त्यांचंच रक्त खेळतंय.

आता ऑपरेशन थिएटर. 1960 साली मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एक तरुण आला. त्याला पायापेक्षा भुलीची भीती जास्त, कारण घरातले दहा जण भूल दिल्यावर दगावले होते. त्याला हॅलोथेन दिलं आणि त्याचंही अंग पेटलं. बर्फात ठेवून कसाबसा वाचवला. पुढे कळलं, की डुकराचा आणि माणसाचा हा आजार एकाच जातीचा. 1975 साली केपटाउनच्या गॅसफर्ड हॅरिसन यांनी डँट्रोलीन हे औषध अशाच डुकरांवर वापरून ती वाचवली, आणि तेच औषध पुढे माणसांना मिळालं. नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काही देशांत वाहक नर मुद्दाम ठेवत, निर्दोष माद्यांवर सोडत आणि सगळी पिल्लं कापायला पाठवत. मांस जास्त, आजारी पिल्लू एकही नाही. हिशोब बरोबर आहे, पण आपल्या गोठ्यात चालणारा नाही. आपण काय करतो? त्याच वेतातली चांगली दिसणारी मादी घरी ठेवतो. तिच्यातून दोष पुढच्या पिढीत शिरतो, आणि पुढचा नरही वाहक निघाला की फळीवर डुक्कर कोसळतं.

म्हणून नर घेताना ‘आरवायआर-वन’ चाचणीचा निकाल मागा. हे त्या बिघडणाऱ्या दाराच्या जनुकाचंच नाव. हॅलोथेन जनुकाची चाचणी म्हटलं तरी प्रयोगशाळेला कळतं. निकाल नसेल तर नमुना घ्या. सोपं आहे. पाठीवरचे वीस-तीस राठ केस चिमटीत धरून झटक्यात उपटा. कात्री लावू नका, कारण तपासायचं ते मुळातच असतं. उजेडात धरून बघा, टोकाला पांढरी गाठ दिसली पाहिजे. कोरड्या कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. पाकिटावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा, आणि निकाल हातात येईपर्यंत तो नर माद्यांमध्ये सोडू नका. नमस्कार.