व्हिसाची पहिली रांग ग्रामपंचायतीतच लागते

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘परदेशातलं राहणं : व्हिसा, कचेऱ्या आणि रोजचं जगणं’. तिन्हींवर बोलणार आहे. पण समोर दहावी-बारावीची पोरंपोरी बसलीत, मागे त्यांचे आईवडील आहेत आणि दाराजवळ आपल्या दोन ग्रामपंचायतींचे सचिवसाहेब उभे दिसतात. साहेब, बसा ना, खुर्च्या आहेत. एवढी सगळी माणसं एका खोलीत मला पुन्हा मिळायची नाहीत. म्हणून मी जिथे नर्स आहे त्या जर्मनीला जरा उशिरा पोचू, आधी गावात थांबू.

माझं म्हणणं असं आहे. व्हिसा अडतो मुंबईच्या खिडकीवर, पण तो बिघडलेला असतो पंधरा-वीस वर्षं आधी, आपल्याच गावच्या रजिस्टरात. परदेशातल्या साहेबाला तुमचं घराणं माहीत नसतं, तुमचा चेहरा माहीत नसतो. त्याच्यापुढे तुम्ही म्हणजे पाच-सात कागद. ते एकमेकांशी जुळले तर तुम्ही एक माणूस. नाही जुळले तर दोन, कधी तीन.

माझंच सांगते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माझा जन्म आजोळचा आणि जन्माची नोंदही आजोळच्या गावची. शाळा मात्र वडिलांच्या गावात. पुढे नर्सिंग झालं, जर्मन भाषेची परीक्षा झाली, तिथल्या रुग्णालयाचं नोकरीचं पत्र आलं. मग कागदांच्या यादीत जन्माचा दाखला निघाला, म्हणून आजोळी गेले. नोंद सापडली. तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, लिंग स्त्री. बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाआधी नोंद झाली होती आणि बारशानंतर नाव सांगायला कुणी गेलंच नव्हतं. आणि वडिलांचं नाव ‘किसन’.

आता माझ्या टीसीवर वडील ‘किसनराव’. आपल्याकडे माणूस दोन लेकरांचा बाप झाला, चार लोकांत बसायला लागला, की त्याला राव लागतो. लावणारे प्रेमानेच लावतात. मग तो मतदार यादीत जातो, आणि हेडमास्तर तोच पोरीच्या दाखल्यावर लिहितात. शेताच्या जुन्या कागदावर ते ‘किसन वल्द महादेव’, म्हणजे महादेवचा मुलगा किसन. आधारवर आणखी वेगळं, तिथे ‘राव’ सुटा होऊन पुढे बसलेला. गावात हा माणूस एकच, सगळे त्याला ओळखतात. मुंबईच्या खिडकीवरच्या बाईंनी चारही कागद समोर ठेवले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “यातले तुमचे वडील कोणते?”

हसा, हसा. मी बाबांना फोन लावला तर ते म्हणाले, “काहून वं, माह्या नावाचं आता काय काढलं त्याहीनं? मी तं जित्ता हाव ना!” पण जित्त्या माणसाची साक्ष तिथे चालत नव्हती.

मग सुरू झाल्या चकरा. ग्रामपंचायत म्हणाली, जुनी रजिस्टरं पंचायत समितीत गेली. तिथे सांगितलं, तहसीलात बघा. तहसीलातून परत ग्रामपंचायतीत, आणि शेवटी ते रजिस्टर तिथल्याच एका कपाटाच्या खालच्या खणात निघालं. वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. आमचं पान वाचलेलं, निळ्या शाईची तिरपी अक्षरं, कोऱ्या रकान्यात एक आडवी रेघ. त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत राहिले. माझ्या आयुष्यातला पहिला सरकारी कागद, आणि त्यात मी नाही.

कुणीतरी सुचवलं, “मॅडम, प्रतिज्ञापत्र करून टाका, किसन आणि किसनराव एकच म्हणून.” केलं. शिक्के बसले. व्हिसावाल्यांकडून उत्तर आलं, मूळ नोंद दुरुस्त करून आणा. दुरुस्तीसाठी जिथे गेले ती कचेरी कोणत्या गावची, हे मी सांगणार नाही. तिथल्या माणसाकडे तीन गावांचा चार्ज होता, आठवड्यातून एक दिवस तो त्या गावाला यायचा, आणि त्या दिवशी घरकुलाच्या याद्यांसाठी अख्खं गाव त्याच्या टेबलाभोवती उभं असायचं. माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग ह्यावर आहे की ह्या गोष्टी आम्हाला कुणी वेळेवर सांगितल्या नाहीत, आणि आजही सांगत नाहीत. माझ्या रुग्णालयाने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली म्हणून मी गेले. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची नाही ढकलली. भाषेत ती माझ्यापेक्षा हुशार होती.

कायदा काय सांगतो ते ऐका, सगळ्यांच्या कामाचं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. नावाशिवाय जन्म नोंदला असेल तर १२ महिन्यांच्या आत नाव फुकट भरून मिळतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्मच नोंदला नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडे आलं. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टला जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच लागतो, टीसी चालत नाही. कडेवर लहान लेकरू घेऊन बसलेल्या तायांनी हे आजच लिहून घ्या.

आता एक विचारते. ज्यांचा वाढदिवस १ जुलैला येतो त्यांनी हात वर करा. बघा! अर्धं सभागृह एका दिवशी जन्मलं! आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. गुरुजी दाखल करून घेताना वय बसेल अशी तारीख टाकायचे. माय सांगते पोळ्याच्या दिवशी झाला, टीसी सांगते १ जुलै. गावात कुणाचं काही अडत नाही. ज्या दिवशी खरी जन्मनोंद सापडते त्या दिवशी अडतं, कारण आता तारखा दोन झाल्या. ज्यांच्या घरी जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल काढली असेल त्यांना हा अनुभव आहे. मान हलवणारे काका, तुमचा झालेला दिसतो.

बायांचं तर विचारू नका. लग्नाआधी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. मार्कशीट एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचं. जोडणारा कागद एकच, विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो आपण काढत नाही. पत्रिका छापतो, हजार माणसं जेवू घालतो, फोटोंचा अल्बम करतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, खेड्यात निबंधक म्हणजे आपले ग्रामसेवक, म्हणजे हे दाराजवळचे साहेबच. नवऱ्याला किंवा बायकोला परदेशात बोलवायचं असेल तर तो दाखला नसताना फाइल पुढे सरकत नाही. माझं ठाम मत आहे, मुलीने लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे तिने ठरवावं, आणि शिकलेली असेल तर मार्कशीटवरचं नाव सोडू नये. सासूबाई रागावतील, रागावू द्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नावही आलं. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण जन्माच्या दाखल्यावर चार नावं, आधारवर तीन आणि शाळेत दोन असं केलंत, तर मी आत्ता सांगितलं ते सगळं वीस वर्षांनी त्या लेकराच्या वाट्याला येईल. आणि हे फक्त जर्मनीचं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने सांगितलं की पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. आडनावाचा रकाना मोकळा ठेवलेल्या कितीतरी लोकांची एका दिवसात पंचाईत झाली.

माझ्या वॉर्डात केरळच्या मुली आहेत. त्यांच्या राज्यात परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारचा स्वतंत्र विभाग १९९६ पासून आहे, नॉर्का. प्रमाणपत्रं साक्षांकित करण्यापासून सगळं तो बघतो. २०२१ मध्ये नॉर्काने जर्मनीच्या रोजगार खात्याशी परिचारिकांसाठी करारही केला. आपल्या राज्याने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, चांगलं झालं. पण भाषेच्या वर्गाइतकाच कागदांचा वर्गही लागतो, आणि तो तालुक्याला लागतो. बारा तासांचा प्रवास करून मुंबईला गेल्यावर नावातली चूक कळली तर तिचा काय उपयोग?

माझी मागणी साधी आहे. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी, म्हणजे नववीतच, प्रत्येक शाळेत एक दिवस ठेवा. मुख्याध्यापक, सचिव आणि पालक समोरासमोर. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर, तिन्ही टेबलावर. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, तारीख, आणि इंग्रजी स्पेलिंग. वानखेडे डब्ल्यूने की व्हीने हे पोराने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवायचं, फॉर्म भरणाऱ्या बाबूने नाही. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने रजिस्टरात दुरुस्ती होते. शाळा सुटली आणि बोर्डाचं प्रमाणपत्र हातात आलं, की तीच दुरुस्ती जिवावर येते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, शेवटची एसटी आहे, दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता पळत घ्यावा लागेल.

जर्मनीत कामासाठी जाताना पासपोर्टवर चिकटतो तो प्रवेशाचा व्हिसा, साधारण काही महिन्यांचा. पोचल्यावर राहण्याचा परवाना वेगळा घ्यायचा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंद झाली की कर क्रमांक आपोआप पोस्टाने घरी येतो. आरोग्य विमा सक्तीचा. परवान्याची मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज करा. वेळेत केला आणि निर्णय लांबला, तर मधल्या काळासाठी तात्पुरता कागद मिळतो, तो मागून घ्या.

पोस्टाची पेटी फार महत्त्वाची. तिथे घराला नंबर असतो पण फ्लॅटला बहुधा नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, नाव नसेल तर पत्र परत. पेटीवर नवऱ्याचं आडनाव आणि पत्र माझ्या माहेरच्या नावाने, असं असेल तर ते मला मिळत नाही, म्हणून आमच्या पेटीवर दोन्ही आडनावं आहेत. पिवळा लिफाफा, म्हणजे सरकारी कचेरीचं किंवा कोर्टाचं महत्त्वाचं पत्र, आला तर त्याच दिवशी उघडा. पोस्टमनने पेटीत टाकताना त्यावर तारीख लिहिलेली असते आणि मुदत तिथून मोजतात. सरकारी निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायला साधारण एक महिना असतो. मुदत पत्राच्या शेवटी छापलेली असते, शेवटचा परिच्छेद आधी वाचा. फोनवर सांगितलेलं धरू नका, लेखी मागा.

रोजचं जगणं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी पूर्ण दिवस. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारी आणा. घरात धुराचा अलार्म असतोच, भिवापुरी मिरचीची फोडणी द्यायची तर आधी खिडकी उघडा आणि शेजाऱ्यांना एकदा जेवायला बोलवा. आमच्या शेजारच्या आजी आता वरणात तूप जास्त मागतात. हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार पडतो, पहिल्या वर्षी जीव कासावीस होतो. तेव्हा घरी फोन करा, आणि घरच्यांनो, तेव्हा पोरीला पैशांचं विचारू नका.

आखातात जाणाऱ्यांसाठी तीन वाक्यं. दहावी पास नसाल तर पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा असतो, १८ देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे मंजुरी लागते, आणि त्यासोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा असतो. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. ‘टूरिस्टवर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि पासपोर्ट कुणालाही ठेवायला देऊ नका, तो भारत सरकारची मालमत्ता आहे असं त्यातच छापलंय.

मी रविवारपर्यंत गावात आहे. उद्या सकाळी दहापासून इथेच मागच्या टेबलावर बसते, सचिवसाहेबही येतो म्हणालेत. ज्यांना कागद जुळवून बघायचेत त्यांनी या. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा, आणि आजोळी जन्म झाला असेल तर त्या गावाचं नाव आईला विचारून या.