पावसाळ्यात चंद्र बघायचा तर

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ-श्रावणात आपल्या बेळगाव-खानापूर भागात आकाशदर्शनाचं नाव काढलं तर लोक हसतील. जांबोटी-कणकुंबीकडे सूर्यदर्शनाचीच पंचाईत, तिथं चंद्र-मंगळाची काय कथा! म्हणून आमच्या हायस्कूलची मुलं पावसाळ्यात चंद्र बघतात तो संगणकावर. अवकाशयानांनी काढलेल्या फोटोंचे मोठमोठे संग्रह अवकाश संस्थांनी सगळ्या जगासाठी खुले ठेवलेत. पैसे पडत नाहीत, कुणाची चिठ्ठी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, फोटो तर आम्हालाही रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. येतात की. पण त्यातले बरेचसे कुणीतरी भडक करून सोडलेले, काही तर निव्वळ बनावट. मी बोलतोय ते मूळ फोटोंबद्दल. दिसायला अगदी साधे, करडे. कडेला काळी पट्टी, मध्येच एखादा ओरखडा. हबल दुर्बीणसुद्धा फिल्टर बदलून बदलून कृष्णधवल फोटोच घेते, रंग नंतर भरतात. गरुड तेजोमेघ या अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगातल्या खांबांचा १९९५ सालचा तो गाजलेला फोटो आठवा. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलाय. ही फसवणूक नव्हे. कुठला वायू कुठं आहे ते कळावं म्हणून केलेली सोय. पण हे ठाऊक नसलं की आपण नुसतं ‘वा!’ म्हणतो आणि पुढचा मेसेज उघडतो.

मूळ फोटोसोबत एक नोंद असते. मला तर ती फोटोइतकीच मोलाची वाटते. फोटो कधी काढला, यान किती उंचीवर होतं, फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यातल्या एका ठिपक्यात किती जमीन मावली, ऊन कुठल्या बाजूनं आणि किती तिरपं. उन्हाची बाजू न बघता चंद्राचा फोटो उघडलात तर हमखास फसाल. एकदा वर्गात विवराचा फोटो पडद्यावर लावला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्यो खड्डा न्हवं, टेकाड हाय की!” फोटो उलटा फिरवला आणि टेकाडाचा खड्डा झाला. उजेड वरून येतो हे आपले डोळे धरूनच चालतात. फोटोत तो खालून आला की खोलगट भाग फुगीर दिसायला लागतो. घरी फोनवर करून बघा.

ऊन किती तिरपं ते कळलं की सावलीवरून उंचीही काढता येते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सपाट जागी सावली उंचीइतकीच. तो ६ अंशांवर आला की एक मीटर उंच धोंड्याची सावली साडेनऊ मीटर पडते. शाळेतली त्रिकोणमिती, दुसरं काही नाही. आणि हे ६ अंश मी उगीच घेतलेले नाहीत.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी उतरता उतरता संपर्क तुटला. ती रात्र आपल्यातल्या पुष्कळांनी टीव्हीसमोर काढली होती. १७ सप्टेंबरला नासाचं चंद्राभोवती फिरणारं एलआरओ यान त्या जागेवरून गेलं, तेव्हा तिथं सूर्य जेमतेम ६ अंशांवर होता. नुसत्या सावल्याच सावल्या. नासाला त्यात विक्रम सापडला नाही, पण त्यांनी फोटो खुला करून टाकला. चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यन यांनी तो फोटो आणि त्याच जागेचे जुने फोटो शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. एक पांढरा ठिपका जुन्या फोटोत नव्हता. एकच ठिपका, म्हणजे जमिनीवरचे १.३ मीटर! त्यांनी नासाला कळवलं. नंतरच्या, चांगल्या उजेडातल्या फोटोंवरून नासानं खात्री केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या नावानिशी जाहीर केलं की तो विक्रमचाच तुकडा आहे, मुख्य आदळल्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला.

शुक्राची गोष्ट तर याहून उशिराची. तिथं ढग बारमाही, म्हणून मॅगेलन यानानं १९९० ते १९९२ या काळात त्याची जमीन रडारनं टिपली. पुढं जवळजवळ तीस वर्षांनी रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली या शास्त्रज्ञांनी माट मॉन्स ज्वालामुखीचे १९९१ मधले, आठ महिन्यांच्या अंतरानं घेतलेले दोन फोटो जुळवून बघितले. पहिल्यात एक मुख गोलसर, २.२ चौरस किलोमीटरचं. दुसऱ्यात तेच वेडंवाकडं, जवळजवळ दुप्पट. म्हणजे शुक्राचे ज्वालामुखी निजलेले नाहीत. हे मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं का लागली? यान दर वेळी वेगळ्या कोनातून बघत होतं, त्यामुळे एकाच जागेचे दोन फोटो जुळवणं महाकिचकट. त्या वेळच्या संगणकांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

इस्रोचा संग्रह आपल्याच राज्यात आहे, बंगळुरूजवळ ब्यालाळूला. दूरच्या यानांशी बोलणाऱ्या थोरल्या अँटेनाही तिथंच. ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की चांद्रयान-२ चे फोटो उतरवता येतात. त्याच्या सगळ्यात बारीक बघणाऱ्या कॅमेऱ्यात एक ठिपका म्हणजे पाव मीटरच्या आसपास. एक सांगून ठेवतो, ही संकेतस्थळं शास्त्रज्ञांच्या सोयीची आहेत, आपल्या नव्हे. सगळं इंग्रजीत, फाइली अगडबंब, आणि मूळ फाइल फोनवर उघडतच नाही. तेव्हा आधी छोटी झलक बघायची, पसंत पडली तरच मोठी फाइल घ्यायची. खेड्यातल्या नेटवर तर रात्री लावून झोपायचं.

सुरुवात चंद्रावरच्या अपोलो १७ च्या जागेपासून करा. डिसेंबर १९७२ मध्ये दोन माणसं तिथं उतरली होती. एलआरओच्या फोटोत लँडरचा मागे राहिलेला भाग, गाडीच्या चाकांच्या रेघा आणि त्या दोघांच्या पायवाटा अजून दिसतात. त्या जागेचे फोटो एकाहून जास्त आहेत, वेगवेगळ्या उन्हातले. तिरप्या उन्हातला एक आणि डोक्यावरच्या उन्हातला एक, असे दोन्ही उतरवून घ्या.

नमस्कार.