एका तावात किती काम होतं?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या मागच्या बैठकीत टेबलावर चार वस्तू होत्या. पानाच्या आकाराची एक खुंटी, एक सांडशी, एक छिन्नी आणि दोन तुकडे झालेलं चाकूचं पातं. आम्ही पाच-सहा जण हौसेनं लोहारकाम करतो. दिवसभर प्रत्येकाचा कामधंदा वेगळा, पण महिन्यातून एकदा जमायचं, केलेलं काम समोर ठेवायचं आणि ते हातात घेऊन बोलायचं, असा आमचा शिरस्ता आहे. मोडलेली वस्तूही आणायचीच. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ ते तुटलेलं पातंच हातोहात फिरत होतं.

या कामातला माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे ताव. लोखंड भट्टीतून बाहेर काढल्यापासून पुन्हा आत घालेपर्यंत जे काम होतं, ते एका तावातलं काम. दहा मिलिमीटर जाडीचा गज असेल तर हातात जेमतेम पंधरा-वीस सेकंद असतात. एवढ्या वेळात विचार करत बसलात तर लोखंड थंड झालंच म्हणून समजा. म्हणून कुठे मारायचं, किती मारायचं, गज कोणत्या बाजूला फिरवायचा, हे तो भट्टीत असतानाच ठरवायचं. मी तर आधी मऊ मातीची वळकटी करून तिच्यावर हातोडी चालवून बघतो. तापलेलं लोखंड मातीसारखंच सरकतं, आणि माती चुकली तर कोळसा वाया जात नाही.

ताव ओळखायचा कसा? रंगावरून. पिवळसर नारिंगी असेल तर मनसोक्त ठोका. मंद लाल झालं की थांबा. मात्र हा रंग सावलीत बघायचा. उन्हात तोच रंग फिका दिसतो, म्हणून आपण आणखी तापवत जातो, आणि एकदम फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात. म्हणजे लोखंड जळलं. तेवढा भाग कापून टाकायचा, दुसरा उपाय नाही.

रेडिओवरून मी तुम्हाला रंग दाखवू शकत नाही, पण आवाज सांगू शकतो. नीट तापलेल्या लोखंडावर हातोडा पडला की 'थप' असा बसका आवाज येतो आणि हातोडा तिथेच रुततो. थंड होत आलं की आवाज चढत जातो, 'टण' वाजायला लागतं, हातोडा उसळतो. आवाज चढला की गज परत भट्टीत. हे एवढं कानाला बसलं तरी मनगटं आणि लोखंड दोन्ही वाचतात.

आता ती खुंटी. बारा मिलिमीटरच्या चौरस गजापासून केली होती. पहिलं काम टोक काढण्याचं, आणि नवखा माणूस तिथेच अडतो. तो गज गोल गोल फिरवत मारतो. मग वरचा थर पुढे सरकतो, गाभा मागे राहतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. टोक आधी चौरसच निमुळतं करायचं, मग कोपरे मारून आठपैलू आणि सगळ्यात शेवटी गोल. मग ऐरणीच्या कडेवर मान बारीक करायची, पुढचा भाग चपटा केला की पान तयार. त्यावरच्या शिरा छिन्नीनं, एकाच तावात. देठ लांबवायला ऐरणीचं शिंग, म्हणजे तिचं गोल निमुळतं टोक, वापरा, सपाट भागापेक्षा तिथे लोखंड लवकर लांबतं. किती लांबेल याचाही हिशेब सोपा आहे. बारा मिलिमीटरचा चौरस गज सहाचा केला, तर 5 सेंटिमीटरचे 20 होतात. लोखंड कुठे जात नाही, फक्त जागा बदलतं.

सांडशीबद्दल एवढंच सांगतो की पकडायच्या गजावर जबडे समांतर बसले पाहिजेत. नुसती टोकं टेकली तर तापलेला तुकडा निसटून पायावर येतो. रिव्हेट ठोकल्यावर सांधा घट्ट बसतो. तो लाल करायचा आणि पाण्यात बुडवून थंड होईपर्यंत सांडशी उघडझाप करत राहायची. मग ती एका हातानं सहज चालते.

छिन्नी माझी होती. गाडीच्या जुन्या स्प्रिंगचा तुकडा घेतला. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो, त्याला कितीही पाणी द्या, म्हणजे कडक करायला लाल तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवा, धार टिकत नाही. स्प्रिंगच्या पोलादात तो साधारण अर्धा टक्का किंवा जास्त असतो. घडवून झाल्यावर मी ती तीन वेळा तापवून हवेत गार होऊ दिली, म्हणजे ठोकताना धरलेला ताण निघून जातो. मग पाणी देण्याची वेळ आली. इथे लोहचुंबक जवळ ठेवा. सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो. तिथून किंचित वर जायचं आणि लगेच बुडवायचं.

पहिल्या वेळी मी सरळ थंड पाण्यात बुडवली. 'टिंग' असा बारीकसा आवाज आला. वरून काही दिसेना, पण घासून चकचकीत केल्यावर केसाएवढी चीर दिसली. दोन संध्याकाळचं काम गेलं, फार वाईट वाटलं. दुसरी छिन्नी कोमट तेलात बुडवली. तिच्यावर कानस नुसती घसरत होती, म्हणजे पाणी नीट चढलं होतं. पण असं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून धार चकचकीत करायची आणि मागच्या बाजूनं हळूहळू तापवायची. धारेकडे रंग सरकत येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. फिकट पिवळा सुमारे 220 अंशांना, निळा 300 च्या आसपास. लोखंड कापायच्या छिन्नीसाठी धारेवर जांभळा आला की लगेच गार करायची. रंगांची ती पट्टी बोटभर अंतरात सरकताना बघणं, यासाठी मी कितीही वेळ भट्टीपाशी उभा राहीन. आणि ज्या टोकावर हातोडा पडतो त्याला पाणी देऊ नका. तिथून कपचा उडाला तर तो थेट डोळ्यात जाऊ शकतो.

काही गोष्टी मी आग्रहानं सांगणार आहे. चष्म्याशिवाय हातोडा उचलू नका. अंगावर सुती कपडे असू द्या, कृत्रिम धाग्याचे वितळून कातडीला चिकटतात. भट्टी बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नका. जस्त 907 अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि काळं दिसणारं लोखंड गार असतं असं समजू नका. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा.

त्या तुटलेल्या पात्याकडे आम्ही शेवटी भिंगातून पाहिलं. तुटलेल्या जागी दाणे मोठे होते, साखरेसारखे चमकत होते. ठीक तापवलेलं पोलाद तुटतं तेव्हा दाणा बारीक, राखाडी, मखमलीसारखा दिसतो. म्हणजे पातं फार तापलं होतं, पाणी देण्याच्या आधीच. ज्यानं ते केलं होतं त्याच्याकडे चुंबक नव्हता, दिवस उन्हाचा होता आणि भट्टी अंगणात. ते पातं ज्या स्प्रिंगचं केलं होतं, तिचाच उरलेला तुकडा तो घेऊन आला होता. आम्ही भट्टी सावलीत ओढली, चुंबक तारेला बांधला, आणि आधी बोटाएवढा तुकडा कापून त्याला पाणी दिलं, तो मोडून बघितला. दाणा राखाडी होता. मग त्यानं नवं पातं भट्टीत घातलं.