व्यापार कॅलेंडरवर शिकवा

(सहावी ते आठवीला भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आयात-निर्यातीचा धडा आपण बहुतेक वेळा बाणांवर उरकतो. फळ्यावर जगाचा नकाशा, भारतातून चार बाण बाहेर, चार आत. कुठे चहा-तांदूळ लिहायचं, कुठे कच्चं तेल. मुलं जोड्या बरोबर लावतात. पण द्राक्षं युरोपला फेब्रुवारी-मार्चमध्येच का जातात, दिवाळीत का नाही, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. बाणावर तारीख नसते, ही त्यातली खोट आहे.

म्हणून नकाशाच्या आधी वर्षाच्या बारा महिन्यांची एक पट्टी घ्या. पुठ्ठ्यावर बारा चौकोन आखले की झालं. पहिली वस्तू तूरडाळ, कारण ती जवळपास प्रत्येकाच्या घरी शिजते. आपली तूर पावसाळ्याच्या तोंडाला पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीपासून ती बाजारात येऊ लागते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुना साठा उतरणीला लागलेला असतो आणि नव्या पिकाला अजून शेंग धरलेली नसते. नेमक्या याच सुमारास मोझांबिक, मलावी, टांझानिया इथली तूर निघते. हे देश विषुववृत्ताच्या खाली आहेत. ‘दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात’ हे वाक्य मुलांनी आधी पाठ केलेलं असतं, त्याचा ताटातल्या वरणाशी संबंध इथे लागतो. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूर घेण्याचा करार केला, त्यामागे हे वेळापत्रकही आहे. पट्टीवर आपल्या तुरीचे महिने हिरव्या खडूने आणि तिकडच्या तुरीचे पिवळ्या खडूने रंगवायला सांगा. रंग एकमेकांच्या फटी भरताना दिसले की निम्मा धडा झालाच.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. मुलांना घरून पाकिटं आणायला सांगितली की ती बारकोड बघतात आणि ८९० ने सुरुवात झाली की ‘भारतातलं’ असं लिहून मोकळी होतात. ८९० चा अर्थ एवढाच, की त्या कंपनीने तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे. आतला माल कुठे पिकला हे तो सांगत नाही. इंडोनेशिया किंवा मलेशियाचं पामतेल इथे पिशवीत भरलं तरी पिशवीवर ८९० असू शकतं. तेव्हा वहीत तीन रकाने हवेत: कुठे पिकलं, कुठे भरलं, कुठे विकलं. पहिला रकाना बहुतेकदा पाकिटावरून भरता येत नाही, तो दुकानदाराला विचारून भरायचा.

आता द्राक्षं. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या काड्या फुटाव्यात म्हणून, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, घड धरावेत म्हणून. फळछाटणीपासून साधारण चार महिन्यांनी घड तोडणीला येतात. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा हंगाम बराचसा सरलेला असतो, आणि स्पेन-इटलीच्या बागांना फळ येतं थेट उन्हाळ्यात. मधली जी फट, तीच आपली. छाटणी महिनाभर पुढे गेली, किंवा बोट रखडली, तर फट बुजते आणि भाव पडतो.

हे पाहायला दोऱ्याचा प्रयोग करा. शाळेतला पृथ्वीगोल बहुधा तीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे १ सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापासून एडन, सुएझ, जिब्राल्टर करत नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत दोरा लावा. सुमारे २७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर. मग दुसरा दोरा आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. तो ४७ च्या जवळपास जातो. दोरा गोलावरून घसरतो, त्यामुळे प्रत्येक वळणावर चिकटपट्टी लावायची आणि एकाने दाबून धरायचं. हा प्रयोग भिंतीवरच्या सपाट नकाशावर करू नका. त्यात विषुववृत्ताजवळची आफ्रिका युरोपच्या मानाने आखडलेली दिसते आणि अंतरं फसवी येतात.

दोन दोऱ्यांतला फरक वीस सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ हजार किलोमीटर. ताशी २८ किलोमीटरने जाणारं जहाज दिवसाला सुमारे ६७० किलोमीटर कापतं. भागाकार मुलांनीच करावा: बारा-तेरा दिवस. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बहुतेक कंटेनर जहाजं केपच्या वाटेला लागली. बातमीत ‘भाडं वाढलं’ एवढंच येतं. मुलांना मात्र हे तेरा दिवस द्राक्षाच्या देठावर दाखवता येतात.

त्यासाठी दोन सारखे घड घ्या. एक फ्रीजमध्ये, एक बाकावर. रोज एकाच वेळी किचन काट्यावर वजन करायचं, पाच दिवस. मण्यांच्या आधी देठ वाळतो, हिरव्याचा तपकिरी होतो. मणी अजून टवटवीत दिसत असतात. खरेदीदाराची नजर आधी देठावरच जाते. पॅकहाऊसमध्ये, म्हणजे पेट्या भरतात त्या जागी, घड आले की काही तासांत प्रीकूलिंग करून तापमान उतरवतात, मग शून्य ते एक अंशावर ठेवतात, आणि पेटीत घडांवर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालतात, बुरशी धरू नये म्हणून. मध्येच दार उघडं राहिलं तर गार घडांवर दव धरतं. त्या ओलाव्याने कागदातला वायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. ओलं राहिलेल्या जागी कूज सुरू होते ती वेगळीच.

चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत गारवा राखणाऱ्या, कंटेनरमध्ये बारा ते चौदा टन द्राक्षं बसतात. वर्गासाठी तेरा धरा. पाच किलोच्या पेट्या २,६००, अर्ध्या किलोचे डबे २६,०००. भाडं समजा चार लाख, तर डब्याला पंधरा रुपये. तेच सहा लाख झालं तर तेवीस. हे आकडे हिशेबापुरते आहेत, हे मात्र स्पष्ट सांगा. नाहीतर मूल घरी जाऊन ते खरे म्हणून ऐकवतं.

आणि सगळं वेळेत पोचूनही माल परत फिरू शकतो. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा (वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा) उर्वरित अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा तसाच फळ्यावर लिहिला तर कुणालाच काही वाटत नाही. तेरा टनांशी गुणा: ६५० मिलिग्रॅम. भरलेल्या अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून एक ग्रॅमसुद्धा नाही. चिमूटभर मीठ तळहातावर ठेवून दाखवा आणि मग विचारा, शेतकऱ्याला हे डोळ्यांनी कळेल का? प्रयोगशाळेचा दाखला, पिकाच्या आरोग्याचा दाखला, प्रत्येक बागेची नोंद असलेली ‘ग्रेपनेट’ व्यवस्था, हे सगळे कागद कशासाठी, याचं उत्तर त्या चिमटीत आहे.

कांद्याचा प्रश्न कोणीतरी काढणारच, निदान नाशिक जिल्ह्यात तरी. टाळू नका. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावाने बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के शुल्क लावून. वर्गाचे तीन गट करा: लासलगावला ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी, शहरातलं गिऱ्हाईक, आणि आपला कांदा घेणारा ढाक्याचा व्यापारी. तिसरा गट विसरला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. बंदीच्या महिन्यांत तो दुसऱ्या देशाकडून कांदा घेऊ लागतो, आणि बंदी उठल्यावर परत येईलच असं नाही. बरोबर कोण, हे शिक्षकाने ठरवून देऊ नये. तारखा आणि आकडे मात्र पक्के द्यावेत.

शेवटी एक गणित, सातवी-आठवीसाठी. उरण-पनवेलच्या रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा ताळा असतो. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ घ्या. इंग्रजी अक्षरांना ए=१०, बी=१२ अशा किमती देत जायचं, पण अकराच्या पटीतले ११, २२, ३३ गाळायचे. म्हणून सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता दहाही किमतींना क्रमाने १, २, ४, ८ असं ५१२ पर्यंत गुणायचं आणि बेरीज करायची: ६,१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३, आणि चौकटीत ३ च असायला हवा. बाकी १० आली तर चौकटीत शून्य लिहितात. उत्तर जुळत नसेल तर गुणाकार तपासण्याआधी अक्षरांच्या किमती बघा. दहापैकी सात-आठ मुलांनी बी ला ११ दिलेले असतात.